धुळीचे स्फटिक

हवा उपसून काढलेल्या पात्रात अरगॉन वायू अत्यंत विरळ प्रमाणात सोडून त्यात विद्युत् विसर्जन सुरू केले, आणि मग काही सहस्रांश मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे गोलक वरून भुरभुरले, तर ते तळाशी जाऊन पडावेत अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. परंतु ते खालच्या इलेक्ट्रोडच्या किंचित वर अधांतरी थांबतात, आणि लेसरच्या पातळ प्रकाशपट्टात पाहिले असता प्रत्येक कणाभोवती सारख्या अंतरावर सहा शेजारी, अशी त्यांची नियमबद्ध रचना दृष्टीस पडते.

या बंदोबस्ताचे मूळ इलेक्ट्रॉनांच्या चपळतेत आहे. विसर्जनाने वायूचे आयन व इलेक्ट्रॉन यांचे मिश्रण, म्हणजे प्लाझ्मा, बनते; त्यातील आयन जड व मंद, इलेक्ट्रॉन हलके व वेगवान. त्यामुळे आरंभी कणावर इलेक्ट्रॉनच अधिक येऊन थडकतात, कण ऋणभारित होतो, आणि हा भार वाढून पुढच्या इलेक्ट्रॉनांना मज्जाव करू लागला म्हणजेच दोन्ही भारांचा जमाखर्च जुळतो. तोवर एकेका कणावर हजारो इलेक्ट्रॉन साचलेले असतात. इलेक्ट्रोडलगतचे विद्युत्क्षेत्र कणाचे वजन तोलून धरते. आणि कणांच्या परस्पर प्रतिसारणाने त्यांच्या औष्णिक चळवळीवर पुरेशी मात केली की त्यांचा स्फटिक बनतो. १९८६ साली शास्त्रज्ञ इकेझी यांनी वर्तवलेला हा स्फटिक १९९४ मध्ये जर्मनी, तैवान आणि जपान येथील प्रयोगशाळांत प्रत्यक्ष अवतरला.

परंतु सर्वांत विलक्षण आहे ती या कणांची उभी मांडणी. इलेक्ट्रोडकडे खाली धावणारे आयन वरच्या ऋण कणाजवळून जाताना आत वळून त्याच्या खालच्या बाजूस एकवटतात; त्या धनभाराच्या ओढीने दुसरा कण बरोबर पहिल्याच्या खाली येऊन ठाकतो आणि पहिला सरकला की त्याच्यामागून सरकतो, पण खालच्याला हलवले तर वरच्यावर त्याचा तितका अंमल चालत नाही. दोन कणांपुरते पाहिले तर क्रिया-प्रतिक्रियांच्या समानतेचा न्यूटनचा नियम येथे भंगलेला भासतो. वास्तविक उरलेली बाकी वाहत्या आयनांच्या खाती पडलेली असते. वायूचा दाब उतरवला म्हणजे घर्षण उणावते, याच एकतर्फी संबंधातून कणांना ऊर्जा मिळत जाते आणि स्फटिक वितळू लागतो. अणूंच्या बाबतीत अतिशय दुष्कर असलेले हे वितळण्याचे निरीक्षण येथे एकेका कणाचा माग काढीत करता येते, हे धुळीच्या प्लाझ्माच्या, म्हणजे असे धूलिकण विखुरलेल्या प्लाझ्माच्या, अभ्यासाचे खरे वैभव.

धुळीच्या ढगातून ध्वनीसारख्या लाटाही जातात. राव, शुक्ल व यू या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये या लाटांचे गणित मांडले. लाटांचा वेग सेकंदाला काही सेंटीमीटर इतकाच असल्यामुळे त्या डोळ्यांनी पाहता येतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही धुळीच्या प्लाझ्मावर प्रयोग चालतात.

पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण ढगाला तळाशी दाबून ठेवते, म्हणून २००१ पासून हे प्रयोग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सुरू झाले. तेथे वजनाचा अडथळा दूर होताच कणांनी सारे पात्र भरून टाकावे, तर ढगाच्या मध्यभागी स्वच्छ पोकळी दिसली: केंद्रातून बाहेर वाहणारे आयन तेथील धूळ आपल्याबरोबर लोटून नेत होते.