शेळीच्या दुधातील गुप्तधन

धारवाडात दूध म्हटले की म्हैस, आणि म्हैस म्हटली की पेढा. शेळीला आम्हां मराठी घरांत तो मान कधीच नव्हता. तिचे दही पातळ लागते ही गृहिणींची जुनी तक्रार. पण दोष विरजणाचा नव्हे.

दह्याला घट्टपणा येतो तो केसीन या प्रथिनाने. त्यातील 'अल्फा-एस-१' हा प्रकार शेळीच्या दुधात गाईच्या मानाने कमीच. शिवाय तो शेळीगणिक बदलतो. त्याच्या जनुकाची निरनिराळी रूपे यास कारण होत, हे ग्रोक्लोद आदी फ्रेंच संशोधकांनी १९८७ साली दाखविले. 'ए' किंवा 'बी' रूपाची एक प्रत लिटरमागे सुमारे ३.६ ग्रॅम प्रथिन देते, 'ई'ची १.६, 'एफ'ची अवघी ०.६, 'ओ'ची तर काहीच नाही. प्रती दोन, एक आईकडून व एक बापाकडून. सबळ रूपांच्या दुधात स्निग्धांशही अधिक असतो.

फ्रान्सच्या आल्पाईन व सानेन जातींत दुर्बळ रूपे पुष्कळ आढळली, म्हणून तेथे बोकड जनुक पाहून निवडू लागले. भारतीय शेळ्यांत मात्र सबळ रूपेच विपुल सापडली आहेत. तेव्हा केवळ लिटर वाढावेत म्हणून परदेशी बोकड आणताना विचार हवा. त्याच्याबरोबर दुर्बळ रूपही कळपात शिरू शकते.

गंमत अशी, की बोकड स्वतः थेंबभर दूध देत नाही, तरी लेकींच्या दुधाचा अर्धा वारसा त्याचाच. आमच्याकडे तो विकला जातो वजनावर. त्याची परीक्षा मात्र चार थेंब रक्तावर होते, आणि ती करडू जन्मले त्या दिवशीही करता येते.