‘इन्सिपिएंट’ म्हणजे पूर्वरूप नव्हे

चिपळूण परिसरातील रुग्ण आता वैद्यांकडे येताना तपासण्यांचे अहवाल बरोबर आणतात. त्यांत ‘इन्सिपिएंट कॅटरॅक्ट’ अथवा ‘इन्सिपिएंट नेफ्रोपॅथी’ असा शेरा आढळतो आणि रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, ‘म्हणजे झालंय की व्हायचंय?’ ‘पूर्वरूप आहे’ असे उत्तर देण्याचा मोह अशा वेळी सहज होतो. परंतु हे उत्तर शब्दार्थाला धरून नाही आणि चिकित्सेच्या दृष्टीनेही सुरक्षित नाही.

‘इन्सिपिएंट’ हा शब्द लॅटिन ‘इन्किपेरे’ या क्रियापदापासून सतराव्या शतकात इंग्रजीत आला. ‘कापेरे’ म्हणजे पकडणे, घेणे; त्याला ‘इन्’ हा उपसर्ग लागून ‘हाती घेणे, आरंभ करणे’ असा अर्थ झाला. युरोपातील जुन्या हस्तलिखितांच्या प्रारंभी ‘इन्किपित’, म्हणजे ‘येथे आरंभ होतो’, असे लिहीत. आपल्या संहितांतील अध्यायारंभीच्या ‘अथातो’सारखेच ते. गंमत अशी की आपला ‘आरंभ’ शब्दही याच वाटेने आला आहे. आ + रभ् याचा जुना अर्थ धरणे, पकडणे असाच आहे. औषधविक्रेत्या बंधूंना आणखी एक नाते सांगावेसे वाटते. चिठ्ठीच्या माथ्यावर आर या रोमन अक्षराच्या पायाला छेद देऊन जी खूण काढतात, ती लॅटिन ‘रेकिपे’ म्हणजे ‘घे’ या आज्ञेची होय. तिचे मूळही ‘कापेरे’च.

तेव्हा ‘इन्सिपिएंट’ म्हणजे ज्याने पकड घेतली आहे असा, आरंभ झालेला व्याधी. पूर्वरूपाला जवळचा इंग्रजी शब्द निराळा आहे, तो ‘प्रोड्रोम’. ग्रीक ‘प्रोद्रोमोस’ म्हणजे पुढे धावणारा, सैन्याआधी येणारा टेहळ्या. (‘द्रोमोस’ आणि धावणे या अर्थाचा संस्कृत ‘द्रम्’ धातू एकाच कुळातले.) व्याधी उत्पन्न होण्यापूर्वी दिसणारी लक्षणे, ही चरकाचार्यांची पूर्वरूपाची व्याख्या या शब्दाशी उत्तम जुळते. पूर्वरूपाचे मोल आचार्यांनी केवढे मानले, हे चरकांच्या प्रमेहचिकित्सेत दिसते. मूत्र हळदीच्या वर्णाचे वा रक्तयुक्त असले, पण प्रमेहाची पूर्वरूपे होऊन गेलेली नसली, तर तो प्रमेह न समजता रक्तपित्त समजावे, असे ते सांगतात. शब्द सैल वापरला तर हा विवेकच हरवतो.

सुश्रुतोक्त षट्क्रियाकालांत पूर्वरूप स्थानसंश्रयावस्थेत येते, तर ‘इन्सिपिएंट’ अवस्था व्यक्तीच्या उंबरठ्याच्या आत येते, असे आमचे मत आहे. रुग्णाला स्वतःला काहीच जाणवत नसता ‘व्यक्ति’ कशी म्हणावी, असा आक्षेप येईल. तो अगदीच गैर नाही. तथापि लक्षण रुग्णालाच जाणवले पाहिजे असा नियम नाही. परीक्षेने वैद्याला कळले तरी ते लक्षणच.

वृक्कविकाराचे उदाहरण पाहू. डॅनिश संशोधक मोगेन्सन यांनी १९८३ साली मधुमेहजन्य वृक्कविकाराच्या पाच अवस्था मांडल्या. त्यांतील तिसरी ‘इन्सिपिएंट’. तीत २४ तासांच्या मूत्रात ३० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन जाते. नेहमीच्या पट्टीवर ते बहुधा उमटत नाही. त्यासाठी मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर पाहावे लागते. ना शोथ, ना वेदना, परंतु वृक्कांना इजा सुरू झालेली असते. रक्तशर्करा व रक्तदाब यांवर वेळीच नियंत्रण आणले तर पुढील ऱ्हास रोखता किंवा लांबवता येतो, म्हणूनच या अवस्थेचे महत्त्व. ‘अजून झालेले नाही’ असे ऐकलेला रुग्ण मात्र गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या निर्धास्त घेत राहतो आणि त्या वृक्कांना अधिकच बाधक ठरतात.

आपल्या गावाला याहूनही तातडीचा प्रसंग ठाऊक आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. अशा चिखलपाण्यात वावरल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी, क्वचित महिन्याभरानेही, लेप्टोस्पायरोसिसचा ज्वर येऊ शकतो. मुखवैरस्य, अंगगौरव, जांभया ही ज्वराची पूर्वरूपे आपल्या परिचयाची आहेत. परंतु अचानक चढलेला ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना आणि लाल झालेले डोळे ही पूर्वरूपे नव्हेत. त्या वेळी जंतू रक्तात पसरलेले असतात. कामला दिसू लागेपर्यंत थांबल्यास वृक्क व यकृत दोन्ही धोक्यात येतात. पुराच्या पाण्यात गेल्याचा इतिहास आणि ही लक्षणे एकत्र दिसताच रुग्णाला त्याच दिवशी रक्ततपासणी व प्रतिजैविक उपचारांसाठी रुग्णालयात पाठवावे. पावसाळ्यात केवळ तापाची गोळी मागणाऱ्या ग्राहकाला औषधविक्रेत्यांनीही ‘पाण्यात उतरला होतात का?’ एवढे अवश्य विचारावे.