पुण्याची खडस कावेरीत

पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला एक मासा लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये शास्त्रज्ञांपुढे मांडला. नाव देताना त्यांनी इथल्याच बोलीतला शब्द उचलला: ‘खुद्री’. आज शास्त्रात तो टॉर खुद्री, म्हणजे दख्खनचा महाशीर. नदीकाठी त्याला खडस किंवा खडशी म्हणतात.

तळहाताएवढ्या मासळीची सवय असलेल्या माणसाला हा मासा चकित करतो. अंगावर मोठे, जाड खवले. जाड ओठांपाशी मिशांच्या दोन जोड्या. जबड्यात एकही दात नाही, पण घशात दातांच्या रांगा असतात. शिंपल्या, खेकडे तिथे भरडले जातात. किडे, शेवाळ, काठावरच्या झाडाचं गळालेलं फळ, काहीच त्याला वर्ज्य नाही. मात्र पाणी वाहतं आणि प्राणवायूने भरलेलं हवं. पावसाळ्यात नदी फुगली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या उथळ जागी अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने अंडी थोडी, पण मोठी आणि जड. ती तळाशी बसतात. वाटेत धरणाची भिंत आली की हा सगळा क्रम तुटतो.

तो जोडण्याचा प्रयत्न लोणावळ्यात झाला. टाटांच्या जलविद्युत तलावांत महाशीर पावसात येणाऱ्या पाण्याकडे धाव घेत. डॉ. सी. व्ही. कुळकर्णी यांनी तिथल्या पिकलेल्या माद्यांची अंडी काढून, त्यांवर नराचं रेत मिसळून पिल्लं वाढवली आणि १९७१ मध्ये त्याची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. अंड्यातून निघालेलं पिल्लू लगेच पोहत सुटत नाही. काही दिवस ते सांदीकोपऱ्यात डोकं खुपसून पडून राहतं. तेवढं जपलं की बोटुकली तयार होते. लोणावळ्यातल्याच वळवणच्या केंद्रातून अशा बोटुकल्या मग देशभरच्या नद्यांत गेल्या.

त्यांतल्या काही कावेरीत पोचल्या. तिथे आधीपासून एक वेगळा महाशीर राहत होता: पाठीवर कुबड, केशरी पर आणि अवाढव्य देह. १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा मासा याच जातीचा मानला जातो. दख्खनचा निळसर परांचा पाहुणा मात्र तिथे झपाट्याने वाढला. गळाने पकडून सोडून देणाऱ्या शौकिनांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. निळ्या परांचे मासे वाढत गेले होते आणि कुबडवाले घटत होते. त्याच वेळी कुबडवाल्यांचं सरासरी वजन मात्र वाढत होतं. वरवर ही आनंदाची बातमी. खरा अर्थ असा की पिल्लं येतच नव्हती, म्हातारेच उरले होते.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे इतक्या प्रसिद्ध कुबडवाल्या माशाला शास्त्रीय नावच नव्हतं. २००७ मध्ये केरळच्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून मत्स्यतज्ज्ञ रेमादेवी यांच्या सन्मानार्थ एका जातीचं नामकरण झालं होतं. कुबडवाला तोच, हे २०१८ मध्ये ठरलं. त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली आणि आपला खुद्री संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.

इथे कोणाच्या हेतूत खोट नव्हती. चुकली ती समजूत: मासा वाचवणं म्हणजे पिल्लं वाढवून मिळेल त्या पाण्यात सोडणं. याउलट महाडजवळ वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहातले महाशीर वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरत नाही. तिथे बोटुकली आणावी लागत नाही. मासा, डोह आणि पावसाळा एकाच ठिकाणचे आहेत.

साइक्सना खुद्री जिथे भेटला, त्या मुळा-मुठेत आज पुण्याचं सांडपाणी मिसळतं. यादीत मासा सुरक्षित आहे. त्याच्या नावाचा पत्ता मात्र तसा नाही.