फवारणीच्या ड्रोनमधील होकायंत्राची जुळवणी

अमरावती व अकोला जिल्ह्यांत कपाशी, तूर व सोयाबीन या पिकांवर ड्रोनने औषध फवारण्याचा प्रघात अलीकडे पडू लागला आहे. सन २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले, हे ध्यानी घेता मनुष्यास औषधाच्या तुषारांपासून दूर ठेवणारे हे साधन स्वागतार्हच होय. तथापि ड्रोन दिशा चुकला तर तेच औषध शेजाऱ्याच्या विहिरीवर किंवा बांधावर उभ्या असलेल्या माणसांवर पडते.

ड्रोन आपली जागा उपग्रहांच्या संकेतांवरून ओळखतो. त्याचे तोंड कोणीकडे आहे हे मात्र बहुधा आतील इलेक्ट्रॉनिक होकायंत्र सांगते. ते चुकले म्हणजे वाऱ्याने ढळलेला ड्रोन मूळ जागी येण्याऐवजी भलतीकडे सरकतो व वाढत्या वर्तुळात घिरट्या घालू लागतो.

होकायंत्रास पृथ्वीच्या चुंबकत्वाबरोबर यंत्रातील लोखंड व विद्युतप्रवाह यांचेही चुंबकत्व जाणवते. ड्रोन गोल फिरविला असता त्यातील लोखंड त्याच्याबरोबर फिरते, पृथ्वीचे चुंबकत्व मात्र आपल्या जागी राहते. या भेदावरून यंत्र स्वतःचा दोष ओळखून तो वजा करते. यासच जुळवणी म्हणतात. परंतु जवळ ट्रॅक्टर उभा असेल तर त्याचे लोखंड ड्रोनबरोबर फिरत नाही. यंत्र ते पृथ्वीचेच समजते आणि चुकीची जुळवणी पक्की होऊन बसते. म्हणून जुळवणी कशी करावी यापेक्षा ती कोठे करावी, यास अधिक महत्त्व आहे.

मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरताच त्यायोगे मोजणी बिघडेल हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू करण्यात आली, आणि तिच्या इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले.

शेतकऱ्यास इतके दूर जावयास नको. ट्रॅक्टर, रोहित्र, तारेचे कुंपण व विहिरीवरील लोखंडी पाइप यांपासून पंधरा-वीस मीटर अंतरावरील मोकळी जागा पुरते. उघडा काळा खडक मात्र टाळावा. वऱ्हाडातील या पाषाणात लोहाचे चुंबकीय खनिज असते. टाकी रिकामी व पंख्यांच्या मोटारी बंद ठेवाव्यात. खिशातील मोबाइल, किल्ल्या व हातातील कडे काढून ठेवावे. मग दोघांनी ड्रोन आडवा धरून एक पूर्ण फेरा घ्यावा, व त्याचे तोंड जमिनीकडे करून दुसरा. फिरविण्याचा क्रम यंत्रागणिक थोडा निराळा असतो; तो पुस्तिकेत पाहावा. हे काम परवानाधारक चालकाच्या देखरेखीखालीच व्हावे.

ही जुळवणी रोज करण्याचे कारण नाही. ड्रोन आपटला, सुटा भाग बदलला, तो दूरच्या प्रदेशात नेला किंवा यंत्रानेच तशी सूचना दिली, तर करावी.

पडताळा सोपा आहे. सप्टेंबरात दुपारी बारा ते साडेबाराच्या दरम्यान ओळंब्यात उभ्या केलेल्या बांबूची सर्वांत आखूड सावली उत्तरेकडे पडते. त्या रेषेवर ड्रोनचे तोंड उत्तरेस करून ठेवावे. या भागात चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक एक अंशाहूनही कमी असल्याने पडद्यावरील आकडा शून्याजवळ यावयास हवा. तो दहा-पंधरा अंशांनी चुकत असेल तर टाकीत औषध भरू नये; जागा बदलून पुन्हा जुळवणी करावी.