ईएसपी३२ डेव्हकिट-सी: जोडण्या, बटणे आणि तो लाल दिवा

पहिल्या प्रात्यक्षिकाला हमखास घडणारी गोष्ट. बोर्ड केबलने संगणकाला जोडला, लाल एलईडी लागला, प्रोग्रॅम पाठवायला घेतला आणि पडद्यावर ‘कनेक्टिंग’ या शब्दापुढे नुसते ठिपके उमटत राहिले. मग कोणीतरी विचारतेच, “सर, दिवा तर लागलाय, मग बोर्ड चालत का नाही?” या पाठात आपण याच प्रश्नाच्या वाटेने बोर्डावरील भाग पाहू. उदाहरण म्हणून एस्प्रेसिफ कंपनीचा ईएसपी३२-डेव्हकिट-सी, आवृत्ती ४, घेतला आहे. बाजारातील बरेचसे स्वस्त ईएसपी३२ बोर्ड याच मांडणीवर बेतलेले असतात.

बोर्डावरील चकचकीत पत्र्याचे झाकण म्हणजे मूळ वायरलेस मॉड्यूल. त्याच्या आत मुख्य चिप आणि फ्लॅश मेमरी असते. झाकणाबाहेर दिसणारी नागमोडी तांब्याची रेघ म्हणजे अँटेना. बाकी सारा बोर्ड या मॉड्यूलच्या सेवेसाठी आहे.

मायक्रो यूएसबी सॉकेट दोन कामे करते: ५ व्होल्टचा पुरवठा आणणे आणि माहितीची ये-जा करणे. मूळ ईएसपी३२ चिपला यूएसबीची भाषा येत नाही, तिला फक्त सिरीयल म्हणजे यूएआरटी कळते. म्हणून सॉकेट आणि मॉड्यूल यांच्यामध्ये सीपी२१०२ जातीची दुभाषी चिप बसवलेली असते. शेजारचा रेग्युलेटर ५ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करतो, आणि मॉड्यूल त्या ३.३ व्होल्टवर चालते.

आता लाल दिवा. तो ५ व्होल्टच्या बाजूला जोडलेला आहे, म्हणजे रेग्युलेटरच्या अलीकडे. तो एवढेच सांगतो की बोर्डापर्यंत ५ व्होल्ट पोहोचले. रेग्युलेटर जळालेला असला तरी तो लागू शकतो. मॉड्यूल मेलेले असले तरी लागेल. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. तशी केबल लावली तरी दिवा लागेल, पण संगणकाच्या पोर्टांच्या यादीत बोर्ड दिसणार नाही. ठिपक्यांच्या तक्रारीत मी सर्वात आधी केबलच बदलून पाहतो.

आणखी एक घोटाळा: अनेक स्वस्त बोर्डांवर जीपीआयओ २ ला जोडलेला निळा एलईडी असतो, आणि तो प्रोग्रॅमने लावता येतो. मूळ डेव्हकिट-सीवर असा एलईडी नाही. त्यामुळे ‘ब्लिंक’चा प्रोग्रॅम व्यवस्थित चढूनही काहीच लुकलुकत नाही आणि बोर्ड बिघडला असे वाटते.

बटणे दोनच आहेत, पण समजून घेण्यासारखे सर्वात जास्त इथेच आहे. ‘ईएन’ हे बटण चिपची एनेबल पिन ग्राउंडला जोडते. दाबले की चिप थांबते, सोडले की पहिल्यापासून सुरू होते. थोडक्यात, हे रीसेट. ‘बूट’ बटण जीपीआयओ ० ला ग्राउंडला जोडते, आणि ही पिन रीसेटमधून बाहेर पडण्याच्या क्षणी वाचली जाते. त्या क्षणी ती उच्च असेल तर चिप फ्लॅशमधला प्रोग्रॅम चालवते. शून्य असेल तर नवा प्रोग्रॅम घेण्यासाठी सिरीयलकडे कान लावून बसते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ‘बूट’ दाबून धरायचे, मग ‘ईएन’ दाबून सोडायचे, आणि शेवटी ‘बूट’ सोडायचे. नुसते ‘बूट’ दाबून काही होत नाही, कारण तेव्हा प्रश्न विचारून झालेला असतो. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर हेच बटण साधे इनपुट म्हणून वापरता येते. दाबल्यावर शून्य वाचले जाते.

मग रोज ही बटणे का दाबावी लागत नाहीत? दुभाषी चिपच्या डीटीआर आणि आरटीएस या दोन रेषा दोन ट्रान्झिस्टरांमार्फत या दोन पिनांना जोडलेल्या आहेत. प्रोग्रॅम पाठवणारे सॉफ्टवेअर त्या रेषा हलवून हाच क्रम आपोआप करते. ट्रान्झिस्टर एकमेकांत तिरपे गुंतवलेले असतात, त्यामुळे दोन्ही रेषा एकाच स्थितीत असल्या तर कोणतीच पिन खाली ओढली जात नाही. सिरीयल मॉनिटर उघडताना काही सॉफ्टवेअर दोन्ही रेषा एकदम सक्रिय करतात. तिरपी जोडणी नसती तर बोर्ड तेवढा वेळ रीसेटमध्येच अडकला असता. काही बोर्डांवर या मंडळाची वेळ नीट जुळत नाही, आणि तिथे हातानेच बटण दाबावे लागते.

दोन्ही कडांना १९-१९ पिनांच्या रांगा आहेत. वीज देण्याचे मार्ग तीन: यूएसबी, ५ व्होल्टची पिन किंवा ३.३ व्होल्टची पिन. एका वेळी एकच वापरायचा; दोन एकदम जोडले तर बोर्ड किंवा पुरवठा, दोन्हींपैकी काहीही जाऊ शकते. ३.७ व्होल्टचा लिथियम सेल ५ व्होल्टच्या पिनेला लावू नका. या रेग्युलेटरला साधारण एक व्होल्ट स्वतःसाठी लागतो, त्यामुळे मॉड्यूलच्या वाट्याला ३.३ व्होल्ट उरत नाहीत. वाय-फायने प्रक्षेपण करताना प्रवाह क्षणभर २४० मिलिअँपिअरपर्यंत जातो, आणि कमजोर पुरवठा नेमका तेव्हाच कोसळतो.

जीपीआयओ ६ ते ११ आतल्या फ्लॅशसाठी वापरात आहेत, त्यांना हात लावू नका. ३४ ते ३९ या क्रमांकांतील पिना फक्त इनपुट आहेत. १ आणि ३ या दुभाषी चिपशी जोडलेल्या आहेत. तिथे जीपीएस मॉड्यूल लावले की अपलोड अडते. सर्वात फसवी पिन १२. सुरू होताना तिच्यावर उच्च पातळी असेल तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट देते, आणि ३.३ व्होल्टची फ्लॅश त्यावर चालत नाही. सेन्सर काढला की बोर्ड चालतो, लावला की बंद, अशी तक्रार आली तर आधी सेन्सर कोणत्या पिनेवर आहे ते पाहा.

बोर्ड गप्प असेल तर सिरीयल मॉनिटर ११५२०० बॉडवर उघडा आणि ‘ईएन’ दाबा. ‘वेटिंग फॉर डाउनलोड’ दिसले तर जीपीआयओ ० कशाने तरी खाली ओढली जात आहे. ‘ब्राउनआउट’ दिसले तर पुरवठा किंवा केबल तपासा. काहीच उमटले नाही, पण पोर्ट यादीत दिसतो आहे, तर मल्टिमीटरची लाल काडी ३.३ व्होल्टच्या पिनेवर आणि काळी ग्राउंडवर ठेवा. लाल दिवा जे सांगू शकत नव्हता ते हा आकडा सांगेल.