वाळवंटीकरणाचा करार आणि गायरान

मांजरसुंब्याचा घाट चढून मी बालाघाटावर येतो तेव्हा दिसणाऱ्या मुरमाड माळांना आंतरराष्ट्रीय भाषेत 'शुष्क भूमी' म्हणतात. तिच्या रक्षणाचा करार १७ जून १९९४ रोजी पॅरिसला संमत झाला. भारताने १९९६ साली त्यास मान्यता दिली. हवामान व जैवविविधता यांचे करार १९९२ च्या रिओ परिषदेतले. तिन्हींत मेळ राहावा म्हणून २००१ साली संयुक्त संपर्क गट नेमला गेला. मेळ हवाच, कारण एकाच माळावर एकजण कार्बन मोजतो, दुसरा पाखरे, तिसरा माती. कसणारा मात्र कोणाच्याच रकान्यात नाही!

आपल्याकडे हा माळ बहुधा गायरान. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो अशाच जमिनींसाठी. २०१९ साली ग्रेटर नोएडाच्या परिषदेत जमीनधारणेच्या हक्काचा ठराव झाला. त्याच परिषदेत भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन सुधारण्याचे जाहीर केले. आता हा आकडा गायरानाला कुंपण घालून भरला, तर ठरावाचे काय? कसणारे कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असते. तेव्हा पाहणी झाली की तुकडा पडीकच दिसणार. म्हणून खड्डे खणण्यापूर्वी तलाठ्याची १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही उघडली पाहिजे, आणि पाहणी खरिपात, ग्रामसभेसमोर झाली पाहिजे.