ताम्हिणीला निघालेली गाडी किती खाली घ्यायची?

पुण्याचा चांदणी चौक सोडून पिरंगुट, पौड, मुळशी धरण करत ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या स्पोर्ट्स गाड्या पाहिल्या की नजर आधी चाक आणि मडगार्डमधल्या फटीवर जाते. फट जितकी कमी तितकी गाडी वळणाला घट्ट, ही समजूत पक्की आहे. तिच्यात तथ्य आहे, पण थोडंच.

वळणावर बाहेरच्या चाकांकडे किती वजन सरकणार, हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. गुरुत्वमध्य 50 सेंटिमीटरवर असेल आणि गाडी 3 सेंटिमीटर खाली आली, तर हे सरकणं 6 टक्के घटतं. कडक स्प्रिंगने गाडी कमी कलते, पण सरकणारं एकूण वजन जवळजवळ तेवढंच राहतं.

खरा प्रश्न चाकाला वर जायला किती जागा उरते, हा आहे. शॉकचा रबरी बंपस्टॉप लागेपर्यंत 70 मिलिमीटर जागा असेल आणि गाडी 35 ने खाली घेतली, तर निम्मीच उरते. तोच धक्का निम्म्या अंतरात पचवायला स्प्रिंग चौपट कडक लागते. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग त्याच्या जवळपासही कडक नसतात. मग ताम्हिणीच्या ओल्या वळणात खड्डा आला की गाडी बंपस्टॉपवर आदळते, चाकावरचा भार एकदम उसळतो आणि पकड सुटते. जुने शॉक तसेच ठेवून नुसत्या स्प्रिंग बदलू नयेत असं मला वाटतं, ते यासाठीच.

स्प्रिंग कापून घेणं तर नकोच. सहा वेढ्यांतला एक कापला की ती 20 टक्के कडक होते, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग ढिली पडते, जागेवरून निसटूही शकते.

‘गतिरोधकाला सगळ्याच खाली घेतलेल्या गाड्या घासतात’ हेही पूर्ण खरं नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, पण 3.7 मीटर रुंद असतो. पुढच्या-मागच्या चाकांत 2.6 मीटर अंतर असलेल्या गाडीच्या पोटाखाली त्याचा फुगवटा जेमतेम 5 सेंटिमीटर येतो. गावाच्या तोंडाशी हाताने घातलेला अरुंद उंचवटा मात्र पूर्ण 10 सेंटिमीटर पोटात शिरतो.

कायद्याचंही विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीशी विसंगत बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि खरेदीआधी एक करा. शॉकच्या दांड्यावर प्लॅस्टिकची टाय घट्ट बांधा, ती बुडाशी सरकवा आणि चौघांना बसवून ताम्हिणीपर्यंत नेहमीच्या वेगाने जाऊन या. टाय वर सरकून जिथे थांबली, तिथून बंपस्टॉपपर्यंतचं अंतर मोजा. ते 15 मिलिमीटर निघालं, तर 30 मिलिमीटरने खाली घेणारी स्प्रिंग या रस्त्यासाठी घेऊ नका.